लाकडी स्टॉकला तेल आणि मेण: आपल्या पावसात टिकेल असं, घरच्या घरी

मी ऐरोलीला राहते, माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते. 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या रेंजवर दर सुट्टीत नवीन मुलं येतायत, सोबत आईबाबा, आणि बऱ्याच जणांच्या हातात सेकंड हँड रायफल, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टॉकवाली (स्टॉक म्हणजे रायफलचा खांद्याला आणि गालाला टेकणारा दांडा) नवीन मॅच रायफल सगळ्यांना परवडत नाही. सेकंड हँड म्हणजे बहुतेक वेळा लाकडी स्टॉक. मग जून उजाडतो आणि तिथून पुढे हेच आईबाबा विचारायला लागतात, ताई हे पांढरं पांढरं काय आलंय, स्क्रू आपोआप ढिले का होतायत, परवापर्यंत बरोबर लागत होतं आता सगळे शॉट डावीकडे का जातायत. प्रत्येकाला तेच सांगते म्हणून एकदा नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी विसरलात तरी ही धरून ठेवा. लाकडात पाणी शिरतं ते दिसत नाही तिथून. बाहेरून आरशासारखं पॉलिश असलं तरी आतला खाचा (नळी आणि ट्रिगर बसतात ती जागा), बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीच्या) मागचं तोंड आणि स्क्रूची भोकं कोरडी असतील तर त्या स्टॉकला पावसाळा लागणारच.

हे मी शिकले ते नुकसान करून. पहिल्या पावसाळ्यात जाळीवर (चेकरिंगवर, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या आडव्या-तिरक्या रेघांवर) बुरशी दिसली म्हणून स्टॉक एका फर्निचर पॉलिशवाल्याकडे दिला, त्याने वरून मेलामाइनचा सुंदर हात मारून दिला, आम्ही खूश. पुढच्या ऑगस्टमध्ये बटप्लेटच्या कडेने ते पॉलिश पापडासारखं उठलं, नखाने ओढलं तर पट्टीच निघाली. बटप्लेट काढून बघितली तर मागचं लाकूड अगदी उघडं, पॉलिशचा थेंब नाही, आणि हाताला गार लागत होतं. त्या मोसमात मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नुसता स्टॉक ठेवून बघितला होता. मे महिन्यात 1142 ग्रॅम, ऑगस्टच्या मध्याला 1179. सदतीस ग्रॅम पाणी लाकडाने हवेतून ओढून घेतलं होतं, रायफल पावसात एकदाही भिजलेली नसताना.

यात जादू काही नाही. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेत राहतं. हवेत 50 टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी साधारण 9 टक्क्यांवर येऊन थांबतं, 80 टक्के असेल तर 16 च्या आसपास जातं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये 80 च्या वर असणं हे रोजचंच. लाकूड फुगतं ते त्याच्यातल्या उभ्या रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत फारसं नाही. म्हणून स्टॉक जाड होतो, स्क्रूखाली दाबला जातो, दिवाळीनंतर आकसतो आणि स्क्रू ढिला पडतो. सगळीकडून सारखं फुगलं तर एक वेळ चालेल, पण एका बाजूने पॉलिश आणि दुसऱ्या बाजूने उघडं असेल तर वाकडं फुगतं. शॉट डावीकडे जाण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि पोरं बिचारी स्वतःचा ट्रिगर चुकतोय म्हणून रडतात.

1. वेळ कोणती निवडायची

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, तेल वेळेत सुकतं, आणि पावसाळ्याचं पाणी लाकडातून निघून गेलेलं असतं. दिवाळी झाल्यावर लगेच हात घालू नका, स्टॉक दोन-तीन आठवडे उघड्या हवेत राहू द्या. ओलं लाकूड सील केलं तर आतलं पाणी आतच कोंडतं.

जुलैमध्ये सुरू करू नका. मी केलंय, एक जाड हात मारला आणि तीन आठवडे चिकट राहिला, कव्हरचं अस्तर त्याला चिकटलं आणि ते सोडवताना सगळं परत मूळ लाकडापर्यंत घासावं लागलं. तेलापर्यंतचं काम तीन ते चार आठवड्यांचं आहे, रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि मेणाआधी अजून दोन आठवडे थांबायचं. मॅच तोंडावर असेल तर थांबा, मॅच होऊ द्या.

2. कागद आणि काळजी

.177 कॅलिबरची आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर रायफल शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. तरीसुद्धा जवळ ठेवा:

- रायफलचं बिल, सेकंड हँड असेल तर विकणाऱ्याने सही करून दिलेला कागद आणि मूळ बिलाची झेरॉक्स
- मुलाचं क्लब किंवा असोसिएशनचं ओळखपत्र
- रायफलवरच्या सिरीयल नंबरचा फोटो

घरात परवान्याची बंदूक असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या काकांकडे मुरबाडला शेतासाठीची बारा बोर आहे, त्यांनी मला विचारलं होतं की आमच्या सुताराकडे टाकू का पॉलिशला. नाही टाकायची. परवान्याची बंदूक परवाना नसलेल्या माणसाकडे ठेवून यायचं नाही, काम अधिकृत शस्त्र दुरुस्तीच्या दुकानातच करून घ्यायचं. आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायची वेळ आली तर आधी स्टॉकवर मेणाचा एक हात मारून, सुती कापडात गुंडाळून द्या, फोमच्या कव्हरमध्ये नको, तिथे ती किती आठवडे पडून राहील आपल्या हातात नसतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी अजून एक. गॅलरीत किंवा गच्चीवर फक्त लाकूड न्यायचं. बॅरल, ट्रिगर सगळं घरात कपाटात कुलूप लावून. समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला एअर रायफल आणि खरी रायफल यातला फरक कळत नाही, कळावा अशी अपेक्षाही करू नका. आमच्या सेक्रेटरी काकांना मी आधीच सांगून ठेवते.

3. सामान

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा आपल्या भागातल्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक सगळं मिळतं:

- डबल बॉईल्ड जवसाचं तेल, पेंटर लोक बेलतेल म्हणतात ते, अर्धा लिटर पुष्कळ
- टर्पेंटाईन अर्धा लिटर
- चपडी (लाखेची) 50 ग्रॅम आणि पॉलिशचं स्पिरिट
- पॉलिश पेपर 180, 240, 320 आणि वॉटर पेपर 400, 600
- पेंट रिमूव्हर, रबरी हातमोजे
- मधमाशीचं मेण 100 ग्रॅम
- जुने सुती बनियन, जुना टूथब्रश, कानातले बड्स, मास्किंग टेप
- झाकणाचा पत्र्याचा डबा, हा विसरायचा नाही, कारण पुढे येईल

तेलाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण गोंधळ इथेच होतो. जवसाचं तेल हे सुकणारं तेल आहे, म्हणजे ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या छिद्रात घट्ट होतं. कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं आणि आपल्या दमट हवेत त्याच्यावर बुरशीच चरते. डबल बॉईल्डमध्ये लवकर सुकवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते एक-दोन दिवसात सुकतं. आरोग्यासाठी प्यायचं जवस तेल बाटलीत मिळतं ते कच्चं. क्रिकेटच्या बॅटला लावायचं तेसुद्धा बरेचदा कच्चंच असतं, त्यामुळे मोठ्या मुलाच्या किटमधली बाटली उचलू नका.

खोबरेल, मोहरी, शेंगदाणा यातलं काहीही नको. घरातली मोठी माणसं प्रेमाने सांगतात की खोबरेल लाव, लाकूड कसं तुकतुकीत होतं बघ. होतं, चार दिवस. ती तेलं कधीच घट्ट होत नाहीत, खवट होतात, धूळ धरतात, आणि एकदा मुरली की वर दुसरं काही नीट बसत नाही. गाडीचं पॉलिश आणि फर्निचरचा स्प्रे पण नको, बऱ्याच जणांत सिलिकॉन असतं, त्यावर नंतर तेल लावलं की ठिकठिकाणी सरकून डोळे पडतात.

टंग ऑइल शुद्ध मिळालं तर ते पाण्यापुढे जवसापेक्षा जास्त टिकतं, चांगलंच आहे. पण डब्यावर टंग ऑइल फिनिश लिहिलेलं असलं तरी आत बरंचसं वॉर्निश असू शकतं, आणि भावही बराच. शिकताना बेलतेलच बरं. जुन्या .303 रायफलींच्या अक्रोडी स्टॉकला फौजेत वर्षानुवर्षं जवसाचंच तेल लावायचे.

4. रायफल उघडणं

आत पेलेट (छर्रा) नाही ना, हे स्वतः बघा, मुलाने सांगितलं म्हणून नाही. पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून हवा भरलेली) रायफल असेल तर सिलिंडरच्या जोडांना अजिबात हात लावायचा नाही, नाही जमलं तर कोचकडून उघडून घ्या. बहुतेक रायफलींत खालून दोन अ‍ॅलन स्क्रू असतात, ते काढले की अख्खं मेकॅनिझम वर उचलून येतं. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. वॉशर कुठल्या स्क्रूखाली कुठल्या बाजूने होता हे तेव्हा लक्षात राहील असं वाटतं, महिन्याने नाही राहत. बटप्लेट, चीकपीस (गाल टेकवायचा तुकडा), खालची रेल, सगळं काढा.

आणि कृपा करून रायफल जोडलेली असताना वरून तेल लावू नका. बेलतेल ट्रिगरमध्ये उतरलं तर तिथे सुकून डिंक होतो. स्प्रिंग पिस्टनच्या रायफलीत तेल सिलिंडरमध्ये गेलं तर दाबाने पेट घेतं, मोठा आवाज येतो, सील जातं, धोकाही असतो.

5. जुनं पॉलिश काढणं

पेंट रिमूव्हर हातमोजे घालून, खिडक्या उघडून, जाड थर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जाळीमध्ये टूथब्रश. जाळीवर पॉलिश पेपर फिरवायचा नाही, हिरे (रेघांमधले टोकदार दाणे) बोथट झाले की परत कोरणारा माणूस शोधत बसाल. शेवटी टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसून दोन दिवस वाळू द्या.

मेकॅनिझमच्या खाली लाकूड काळपट, तेलकट, नखाने दबेल इतकं मऊ झालेलं दिसलं तर ते बंदुकीचं खनिज तेल वर्षानुवर्षं पाझरल्यामुळे. खडूची भुकटी टर्पेंटाईनमध्ये कालवून लेप लावा, वाळला की झाडा, तेलाचा डाग यायचा थांबेपर्यंत परत परत. आमच्याला पाच वेळा लावावा लागला. यापुढे रायफल साफ करून ठेवताना पहिले काही तास नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जादा तेल स्टॉकमध्ये उतरत नाही.

6. खड्डे उठवणं आणि घासणं

दाबला गेलेला खड्डा भरायचा नसतो, उठवायचा असतो. ओलं सुती फडकं दुमडून खड्ड्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफ आत जाते, दबलेल्या नळ्या फुगतात, आणि खड्डा तुमच्या डोळ्यांसमोर वर येतो. मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने घरभर शोधून अजून खड्डे दाखवले. रेषा तुटलेली असेल, म्हणजे ओरखडा असेल, तर मात्र पूर्ण येत नाही.

मग 180, 240, 320, नेहमी रेषेच्या दिशेने, सपाट भागावर लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून. बटप्लेट जिथे बसते ती कड आणि मेकॅनिझमची कड गोल होऊ देऊ नका, तिथे मास्किंग टेप लावा. 320 झाल्यावर ओल्या फडक्याने स्टॉक पुसा, वाळला की लव उभी राहिलेली हाताला लागेल, ती 320 ने हलकेच काढा. हे दोनदा करा. इथे आळस केला तर पहिल्या घामाच्या हातानेच स्टॉक खरखरीत होतो.

तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक कण लाकडात अडकतात आणि अक्रोडासारख्या लाकडात ओल लागली की काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत.

7. आतून सील करणं

हाच तो भाग जो पॉलिशवाले सोडून देतात, कारण दिसत नाही. बाहेरच्या कामाच्या आधी हे करा.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. बाजूने बघाल तर नळ्यांच्या भिंती दिसतात, आडवं कापलं तर तोंडं उघडी पडतात. बटप्लेटच्या मागचं तोंड, पुढचं टोक, पिस्तुल ग्रिपचा तळ, स्क्रूची भोकं, ही सगळी उघडी तोंडं. बाजूच्या लाकडापेक्षा कितीतरी पटीने जास्त पाणी इथून ओढलं जातं.

अर्धं तेल अर्धं टर्पेंटाईन मिसळा. बटप्लेटच्या तोंडाला ब्रशने लावा आणि बघत रहा. पहिल्यांदा लावताना मी घाबरले होते, ब्रश टेकवला की तेल गायब, परत लावलं की परत गायब, जणू लाकडाला किती दिवसांची तहान होती. पाच-सहा मिनिटांच्या अंतराने लावत रहा, वर ओलसर राहायला लागलं की थांबा आणि जादाचं पुसून टाका. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. आमच्या स्टॉकच्या एवढ्याशा तोंडाने तीन दिवसांत जवळपास 20 मिली पिलं. स्क्रूच्या भोकांत बड्सने लावा.

आतल्या खाचेत पातळ हात, तीन वेळा, दर वेळी कोरडं पुसून. इथे थर जमू द्यायचा नाही, कारण मेकॅनिझम जिथे टेकतं तिथे थर चढला तर बैठक बदलते. अ‍ॅल्युमिनियमचे खांब किंवा इपॉक्सीची बैठक असेल तर त्यावर टेप लावून तो भाग वाचवा.

आठवडाभर वाळू द्या आणि मग चपडी. याचं कारण असं की तेल पाण्याचा थेंब थोपवतं पण हवेतली वाफ तितकीशी थोपवत नाही, लाख त्या बाबतीत बरीच चांगली. 100 मिली स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, सकाळी सुती कापडातून गाळा, आणि आतल्या खाचेत, बटप्लेटच्या तोंडावर, पुढच्या टोकावर दोन पातळ हात. ढगाळ दमट दिवशी करू नका, पांढरी पडते. ही युक्ती मला कळव्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी सांगितली, ते चाळीस वर्षं दरवाजे-खिडक्या करतायत आणि दरवाजाच्या खालच्या कडेला लाख मारल्याशिवाय तो बसवत नाहीत. दार पावसात अडकतं तेच कारण, फक्त इथे दाराऐवजी स्टॉक आहे.

8. बाहेरून तेल

पहिला हात अर्धं-अर्धं मिश्रण, भरपूर, पंधरा मिनिटं मुरू द्या आणि कोरडं पुसा. दुसरा दोन भाग तेल एक भाग टर्पेंटाईन. तिसऱ्यापासून नुसतं तेल, आणि इथून हात आखडता. एका बाजूला आठ-दहा थेंब, बस. तळव्याने चोळा, तळवा गरम होईपर्यंत चोळा, मग फडक्याने असं पुसा की आपण आत्ताच लावलेलं सगळं परत काढून घेतोय. लाकडाच्या आत राहतं तेच कामाचं, वर राहिलं की ते चिकटतं.

तिसऱ्या आणि चौथ्या हाताला 400 चा वॉटर पेपर तेलात भिजवून रेषेच्या दिशेने फिरवा. तेल आणि लाकडाची भुकटी मिळून एक तपकिरी चिखल होतो, तो छिद्रात आडवा दाबून भरा, वरचा पुसा. अक्रोड किंवा सागवान असेल, ज्यात छिद्रं मोठी, तिथे याने फार फरक पडतो. बीचची छिद्रं बारीक, त्याला एकदा पुरे. बीच तेलाने मधाच्या रंगावर जातं, शिसवी बरीच गडद होते, हे आधी माहीत असू द्या.

दोन हातांमध्ये हिवाळ्यात किमान एक दिवस, मी दोन ठेवते. परीक्षा सोपी आहे, हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा, गार किंवा चिकट लागलं तर अजून सुकलेलं नाही. सकाळचं कोवळं ऊन एक-दीड तास द्यायला हरकत नाही, तेल लवकर घट्ट होतं, पण दुपारच्या उन्हात एका कुशीवर ठेवून विसरलात तर स्टॉक वाकेल. मी बटप्लेटच्या स्क्रूच्या भोकात आकडा अडकवून कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगते.

सहा ते आठ हात. जाळीला मात्र दोनच, तेही टूथब्रशने पातळ मिश्रण लावून लगेच कोरड्या ब्रशने उचलून घ्यायचं, नाहीतर हिऱ्यांच्या मधल्या रेघा भरतात आणि हात घसरतो.

9. फडकी: हे मनापासून वाचा

बेलतेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. तेल सुकताना ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, उघड्यावर पसरलेल्या फडक्याची उष्णता निघून जाते, चुरगळलेल्या गोळ्यात ती कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता काही तासांत फडकं पेट घेऊ शकतं. रात्री, सगळे झोपलेले असताना. वापरलेलं प्रत्येक फडकं, वॉटर पेपरसुद्धा, पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा, किंवा बाहेर एकेक सुटं पसरून कडक होईपर्यंत वाळवा. आमच्या गॅलरीत तो डबा कायम असतो आणि काम संपलं की मुलगीच पहिलं विचारते, डब्यात टाकलं का.

10. मेण

तेलाचा शेवटचा हात झाल्यावर दोन आठवडे थांबा. मेणावर तेल बसत नाही, त्यामुळे घाई केली आणि नंतर तेल कमी वाटलं तर मेण आधी टर्पेंटाईनने काढावं लागतं.

मेण अस्सल बघून घ्या. मधमाशीचं मेण पिवळसर, मधाचा वास, तोडलं तर आत दाणेदार आणि निस्तेज दिसतं. पांढरं, अर्धपारदर्शक, बिनवासाचं असेल तर ते मेणबत्तीचं पॅराफिन. एक भाग मेण किसून वाटीत घ्या, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, ते 62 ते 64 अंशाला वितळतं, पाणी उकळायची गरज नाही. वितळलं की गॅस बंद करा, वाटी दुसऱ्या खोलीत न्या, आणि मगच वजनाने दोन भाग टर्पेंटाईन मिसळा. टर्पेंटाईनची वाफ पेटते, गॅसजवळ मिसळायचं नाही, अजिबात. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं, झाकणाच्या डबीत वर्षभर टिकतं.

बोटाच्या टोकावर येईल इतकंच घेऊन पातळ चोळा, वीस मिनिटांनी सुती फडक्याने चमकवा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. बटप्लेटच्या मागे, स्क्रूच्या भोकांच्या कडेला, जिथे लाकूड धातूला टेकतं त्या कडेला जरा जास्त. स्क्रूच्या आट्यांना बोटाने थोडं मेण लावून बसवा, गंज धरत नाही. मेण म्हणजे रेनकोट नाही, ते घाम आणि थेंब सरकवून लावतं आणि घासलं जातं, म्हणून ते परत परत लावायचं असतं.

11. जोडणी आणि पावसाळा

स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कंपनीने टॉर्क (स्क्रू किती जोराने आवळायचा ते माप) दिला असेल तर टॉर्क की वापरा. नळी मोकळी तरंगती, म्हणजे लाकडाला कुठेच न टेकणारी, असेल तर दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघा, अडकता कामा नये. ही नोट मी जूनपासून दर पंधरा दिवसांनी सरकवते, अडकायला लागली की कोचना दाखवते. मग झिरो (नेम आणि शॉट यांची जुळवणी) परत तपासा, बदललेला असणारच.

पावसाळ्यात रोजची सवय अशी. रेंजवरून आल्यावर गालाची आणि हाताची जागा कोरड्या फडक्याने पुसा, घामातलं मीठ मेण खातं. कव्हरमधून बाहेर काढा, रेक्झिनचं फोमवालं कव्हर ओल धरून ठेवतं, त्यातच बुरशी येते. मी जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात उभी ठेवते, आणि ते कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून नाही. सोबत सिलिका जेल 200 ग्रॅम, रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशाला परत कोरडं करायचं. निळं नको, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. रायफल खरंच पावसात भिजली तर लगेच उघडा, पुसा, पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर लावू नका.

मेण दर महिन्याला एक हात, गालाच्या जागी दर पंधरा दिवसांनी. पाण्याचा एक थेंब ठेवून बघा, मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून खाली डाग दिसला तर मेण संपलंय. तेलाचा एक हात वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, मेण टर्पेंटाईनने पुसून.

सगळं केल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी परत वजन केलं. मे मध्ये 1151 ग्रॅम (तेलाचं वजन वाढलं), ऑगस्टमध्ये 1164. सदतीसच्या जागी तेरा. स्क्रू एकदाच, ऑक्टोबरमध्ये, पाव फेरा आवळावा लागला. मे महिन्याचा आकडा बटप्लेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलाय, तुम्हीही लिहून ठेवा, पुढच्या ऑगस्टला काटा काय दाखवतो त्यावरूनच कळेल कुठलं तोंड उघडं राहिलंय.